नाव कुठे घालायचं?

"आक्का, एक तारखेपासून मी येणार नाही," हेमाली म्हणाली. म्हणताना पेपरच्या घड्या घालायचं काही तिनं थांबवलं नाही.

रंगूबाई नुकतीच तीन पायऱ्या चढून वाचनालयात आली होती. गुडघे अजून कुरकुरत होते. तिनं बाकड्यावर अंग टाकलं, पदरानं मान पुसली आणि जसं काही कानावर पडलंच नाही अशा थाटात विचारलं, "आज हिंदी पेपर का न्हाय आला?"

"बिल थकलंय. आक्का, मी काय म्हणाले?"

"ऐकला. बहिरी न्हाय झाली मी अजून."

"मग?"

"मग काय मग? पाणी दे आधी."

हेमालीनं पाणी दिलं. रंगूबाई ते सावकाश प्यायली, कारण पाणी पिताना बोलावं लागत नाही. सगळ्या कामतघरात तिला आक्का म्हणत. गल्लीतून ती चालली की मोटरसायकलवर बसलेली पोरं खाली उतरून उभी राहत, असा तिचा दरारा. पण दराऱ्यानं कुणाचा पगार निघत नाही. हेमालीला गणपतीत मानधन मिळालं होतं, ते शेवटचं. आता होळी तोंडावर आली. सरकारचं अनुदान येणार, येणार असं दर महिन्याला ठाण्याहून कळत होतं, आणि येत मात्र काही नव्हतं.

"कुठं लागली?" रंगूबाईनं विचारलं.

"माणकोली रोडला गोडाऊनमध्ये. पार्सलवर बारकोड मारायचा. बसून काम नाही, उभ्यानं आहे. पण महिन्याच्या महिन्याला पैसे हातात. वर पीएफ."

"म्हणजे बारा बुकं शिकून खोक्याला शिक्के मारणार."

"खोकी पगार देतात आक्का. पुस्तकं देत नाहीत."

असं कुणी तोंडावर बोललं की रंगूबाईला राग येई. पण आज रागही धड येईना. हेमालीचा नवरा ज्या लूमवर, यंत्रमागावर होता, ते बंद पडून वर्ष होत आलं होतं. मालकानं गाळा विकला, आणि हा माग दुरुस्त करणारा चांगला जॉबर माणूस आता नाक्यावर हजेरी शोधत फिरतो. घरात दोन पोरं. तरी ही बाई इतके महिने रोज कुलूप उघडते, झाडू मारते, पुस्तकं देते, घेते, संध्याकाळी पोलीस भरतीवाल्या पोरी बसतात त्यांच्यासाठी अंधार पडेपर्यंत थांबते. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की अजून थांब?

"तपासणी कवा हाय?"

"होळीनंतर आठवड्याभरात येतील म्हणाले. आक्का, खोटं कशाला बोलू, त्यांना शिकलेला ग्रंथपाल दिसला नाही तर मान्यता जाईल. आपण ड वर्गात आहोत. याच्या खाली वर्ग नाही."

"खाली गटार हाय," रंगूबाई म्हणाली. "समोरच. गेल्या पावसापासून तुंबलेला."

हेमालीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "एकदा मान्यता गेली की परत मिळायची नाही. म्हणून तुम्हाला आधी सांगतेय. दुसरी कुणीतरी बघा. सर्टिफिकेट असलेली."

"आणि तिना काय देऊ? तुझ्यासारखा वायदा?"

बाहेर गल्लीत लूमची खटखट चालू होती. रंगूबाईनं मान वर केली आणि नेहमीसारखी ती खोली पाहिली. पाहिली की तिचं डोकं फिरायचं.

वाचनालय म्हणजे एक लांबट हॉल. त्यात आठ पंखे. आठही दान आलेले, आणि प्रत्येकाच्या पात्यांवर लाल रंगात दात्याचं नाव, देवळात असतं तसं. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, म्हणून वीज गेली की गावातले दाते खूश. भिंतीवर पाच घड्याळं. घड्याळ देणाऱ्यानं सेल दिले नाहीत, त्यामुळे पाचही आपापल्या वेळेवर रुसून बसलेली. सहा लोखंडी कपाटं, दारांवर नावं हातभर मोठी. त्यातल्या दोन कपाटांत पुस्तकं, एकात गावदेवीच्या उत्सवाच्या थाळ्या, बाकीची रिकामी. कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर, 'स्व. आईच्या स्मरणार्थ'. त्या फिल्टरची कांडी बदलायला तीन वर्षांत कुणाला आई आठवली नाही.

गाव कंजूष नव्हतं. हीच तर गंमत होती. जमिनींवर गोडाऊन उभी राहिली तसा पैसा आला, आणि आला तसा लोकांनी तो सढळ हातानं उधळला. हळदीला रात्रभर डीजे, क्रिकेटच्या ट्रॉफ्या माणसापेक्षा उंच. कुणाच्या दारात जाऊन हात पसरला तर रिकामा परत यायचा नाही. पण देणारा आधी एकच विचारायचा: नाव कुठे घालायचं? पंख्याला पातं असतं, कपाटाला दार असतं. लाइट बिलाला काय असतं? रोजच्या पेपरवर नाव घालून काय उपयोग, उद्या त्यात वडापाव बांधला जातो. आणि हेमालीच्या कपाळावर तर रंगवता येत नाही.

"एक तारीख म्हणजे दहा-बारा दिवस हायेत," रंगूबाई उठत म्हणाली. "तवर कुणाला 'येते' म्हणून सांगू नको."

"सांगितलंय मी त्यांना."

"मग त्यांना सांग, घरात सोयर हाय."

"कुणाचं?"

"या वाचनालयाचा. मेल्यावर सुतक, तगलं तर सोयर. बघू काय होतंय."

*

दुसऱ्या दिवशी ती मागायला निघाली. आयुष्यात कुणाच्या उंबऱ्यावर तिनं काही मागितलं नव्हतं. मागणं नवऱ्याचं काम. राघो होता तोवर तो मागायचा, हसत मागायचा, आणि लोक त्याला हसत देत किंवा हसत हाकलत. त्याला दोन्ही सारखंच. रंगूबाईला मात्र कुणी नाही म्हटलं की महिनाभर घशात काटा राहायचा.

पहिलं घर लडकूशेठचं. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष, वय झालेलं, गळ्यात जाड साखळी. त्यानं खुर्ची पुढे केली, सुनेला चहा टाकायला सांगितला, सगळं नीट ऐकून घेतलं.

"वहिनी, तुमी आल्या आन् मी न्हाय म्हनीन?" तो म्हणाला. "कूलर देतो. थंड पान्याचा. मोठा."

"भाऊजी, पान्याची मशीन हाय आमच्याकरं."

"ती साधी. ही स्टीलची."

"मना पोरीचा पगार पायजे. सालभराचा नसला तर सहा महिन्यांचा द्या."

लडकूशेठनं कान खाजवला. "पगार म्हंजे... तो तर ती खर्च करून टाकील."

"मग काय लोणचा घालील?"

"तसा न्हाय वहिनी. कूलर कसा, समोर दिसतो. माझा बाप तहानेनं गेला, गिरणीतून चालत येताना. त्याचा नाव पान्यावर असला तर..." म्हाताऱ्याचा आवाज जरा भिजला. कुणाच्या मेलेल्या बापाशी रंगूबाईला भांडायचं नव्हतं. चहा पिऊन ती उठली. जाताना लडकूशेठनं विचारलंच, "मंग कूलर कंदी पाठवू?"

दुसरं घर काशीचं. काशी तिची लहानपणची मैत्रीण, आता तीन इमारतींची मालकीण, आणि दोघींची जीभ एकाच दगडावर घासलेली.

"ये गो रंगू. भीक मागाया निघालीस असा ऐकला."

"तुझ्याकरं येयाचा म्हंजे भीकच. काय देतंस?"

"मार्बल देते. सगळ्या फरशीला. सासूच्या नावानं एक लादी मधी, कोरलेली."

"सासूला जित्तेपणी बसाया चटई दिली न्हाईस तू."

"म्हनून तर मार्बल देते," काशी शांतपणे म्हणाली.

रंगूबाईला हसू आलं आणि मग लगेच इतका थकवा आला, की ती काशीच्या झोपाळ्यावर तशीच बसून राहिली. "काशी, गो, हेमालीचा पगार दे. कोनाला सांगू नको. माझ्यासाठी दे."

"कोनाला सांगायचा न्हाय?" काशीनं डोळे मोठे केले. "मंग दिला काय आन् न्हाय दिला काय!"

चार दिवस ती फिरली. कूलर, मार्बल, दोन कपाटं, एक घंटा. घंटा का, तर देणाऱ्याला वाटलं शाळाच आहे. सगळे आदरानं बोलले, सगळ्यांनी चहा पाजला. पाचव्या दिवशी तिनं पायांना तेल चोळत सुनेला सांगितलं, "रंजिता, गावात चहाची टंचाई अजिबात न्हाय हां."

"आई, मी सांगू का?" रंजिता म्हणाली. "शनिवारी देवळात मीटिंग आहे, पालखीची. सगळे एका जागी असतील. तिथंच बोला. एकेकाकडे जाता, एकेक जण टाळतो. चारचौघांत टाळता येत नाही."

सून शहाणी होती. रंगूबाईनं ते तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. "भात करपतोय बघ," एवढंच म्हणाली.

*

शनिवारी गावदेवीच्या मंडपात पुरुष सतरंजीवर आणि बायका कडेला बसल्या होत्या. पालखीचा हिशेब झाला, बँड कोणता यावर अर्धा तास वाद झाला, आणि मग लडकूशेठ म्हणाला, "वहिनींना दोन शब्द बोलायचे हायेत."

रंगूबाई उभी राहिली. माइक तिनं हातानंच बाजूला सारला.

"दोन शब्द न्हाईत, चार हायेत. ऐकून घ्या. तुमची पोरं तिथं अभ्यासाला बसतात. दोन पोरी पोलिसात लागल्या, त्यांच्या हळदीत तुमी नाचलात. लूमवरचे भय्ये रात्रपाळी करून येतात, त्यांच्या पोरांना घरात टेकाया जागा न्हाय, ती तिथं बसून वाचतात. हे सगळा एक बाई सांभाळते. ती चालली. ती गेली की सरकारचा कागद गेला, कागद गेला की दार बंद. मना पंखा नको. घड्याळ नको. मना तिचा पगार पायजे. आन् नाव कुठं घालायचा, हे विचारू नका. नाव न घालता द्या. देव काय पंख्याची पाती वाचतो?"

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. पुरुष सतरंजीचे धागे उपटायला लागले.

तेवढ्यात मागून भूपेश बोलला. भूपेश म्हणजे तिच्या दिराचा मुलगा, दामूचा. माणकोलीला त्याची गोडाऊन, हातात दोन फोन. राघो आणि दामू सख्खे भाऊ, पण जमिनीच्या वाटणीनंतर एकमेकांच्या दारात कधी जेवले नाहीत. दामूही आता नव्हता.

"काकी, रागवू नको," तो म्हणाला. आवाज गोड होता, आणि गोड होता म्हणूनच सगळ्यांनी माना वळवल्या. "नाव न घालता द्या, बरोबर हाय. पन मंग दारावर काकांचा नाव कशाला? तेवरा मोठा, स्टीलमधी? वाचनालय तर गावाचा हाय ना?"

वळलेल्या माना आता रंगूबाईकडे फिरल्या.

रंगूबाईनं पदर सावरला, खाली ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या आणि कुणाकडे न बघता मंडपाबाहेर पडली. मागे लडकूशेठ भूपेशला काहीतरी बोलत होता. ते तिला ऐकायचं नव्हतं.

घरी येऊन ती ओटीवर बसली. रंजितानं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काय व्हायचा हाय? खरा बोलला तो."

खरंच होतं ते. राघोनं दारावर नाव मागितलं नव्हतं. पहिल्या जमिनीचे पैसे आले तेव्हा भावकीत गाड्या आल्या, दाराला ग्रॅनाइट आलं. राघोनं घरच्या जागेवर हा हॉल बांधला आणि टेम्पो भरून पुस्तकं आणली. दामू चारचौघांत म्हणायचा, "माझ्या भावाला वाळवी लागली." लोक हसायचे. राघोही हसायचा. रंगूबाई हसायची नाही. राघो गेल्यावर तेराव्याच्या आतच तिनं फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं आणि हातभर उंचीची स्टीलची अक्षरं करून घेतली: 'कै. राघो बाळू केणी सार्वजनिक वाचनालय'. दहाच्या उन्हात ती अशी चमकायची, की समोर दामूच्या गॅलरीत डोळे दिपायचे. त्यासाठीच स्टील घेतलं होतं. पितळ नको, म्हणाली होती, पितळ काळं पडतं.

तेव्हा तिला कुणी विचारलं नाही, हे नाव का. विचारलं असतं तर जीभच उपटली असती तिनं. पण गाव बघत होतं. गावाला कळलं, की इथं भिंतीवर नाव लागतं. पुढच्याच वर्षी पहिला पंखा आला.

*

सोमवारी सकाळी तिनं त्याच फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. आझमगडचा माणूस, वय झालेला, आता मुलगा धंदा बघतो, पण आक्काचं काम म्हणून तो स्वतः शिडी घेऊन आला.

"क्या लगाना है माताजी?"

"लगाना नहीं. निकालने का है. वो सब."

त्यानं वर बघितलं. मग तिच्याकडे. "सेठ का नाम?"

"सेठ का नाम मेरे को मालूम है. तू निकाल."

"माताजी, मैंने अपने हाथ से लगाया था. ऐसा नहीं करते. अपशकुन होता है."

"अपशकुन जो होना था वो हो गया, मैं विधवा हो गई. अब क्या होगा? चढ़."

तो चढला. पहिलं अक्षर निघताना भिंतीनं असा आवाज केला, की समोरच्या गाळ्यातले लूम कुणीतरी बंद केले. बायका दारात आल्या. रंजिता पदर खोचत धावत आली आणि पायरीखालीच थबकली.

"आई! पप्पांचं नाव..."

"बोरा आन घरातून. भाताचा. मोकळा हाय तो."

"आई, मनोजना फोन करते मी. पोटच्या मुलाला तरी विचारा."

"मनोज काय सांगनार? त्यानं दोन वर्षांत एक पुस्तक नेला न्हाय. बोरा आन."

रंजितानं गोणी आणली, पण गोणी धरताना ती रडत होती. रंगूबाई रडली नाही. एकेक अक्षर खाली येत होतं, आणि ती ते हातात घेऊन, पदरानं धूळ पुसून गोणीत ठेवत होती. तिला वाचता फारसं येत नव्हतं. चौथीत शाळा सुटली होती. पण राघोचं नाव ती दुरून ओळखायची, माणूस चालीवरून ओळखावा तसं. सुटं अक्षर हातात आलं तेव्हा मात्र तिला ते कुठलं ते कळेना, आणि त्याचंच तिला सगळ्यांत वाईट वाटलं.

'सार्वजनिक वाचनालय' तेवढं राहू दिलं. त्याच्या आधीची भिंत रिकामी दिसायला हवी होती, पण तशी ती दिसेना. अक्षरांखालचा रंग उन्हानं उडाला नव्हता, त्यामुळे नाव तिथंच होतं, गडद, जणू आताच कुणीतरी ब्रशनं काढलेलं. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "माताजी, ये तो और साफ दिख रहा है." त्यानं मजुरी घेतली नाही.

हेमाली दारात उभी राहून सगळं बघत होती. "आक्का, याची काही गरज नव्हती," ती हळूच म्हणाली. "कागदावर आपलं नाव साधंच आहे. गावदेवी सार्वजनिक वाचनालय. तपासणीला काही फरक पडत नाही."

"तपासणीसाठी न्हाय केला मी."

"मग?"

"मागताना तोंड वर करता आला पायजे. जा, काम कर तुझा."

*

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली, आणि बातमी अशी झाली, की भूपेशनं म्हाताऱ्या काकीला नवऱ्याचं नाव भिंतीवरून खरवडायला लावलं. कुणीतरी भिंतीचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेले, रडणारे, नाना प्रकारचे चेहरे. एकानं लिहिलं, 'दामूच्या वंशाकडून दुसरं काय अपेक्षित'. हे सगळं रंजितानं सासूला वाचून दाखवलं. रंगूबाई वाटाणे सोलत म्हणाली, "फोन ठेव. डोळे जातील."

दोन दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, भूपेश आला. एकटा. गाडी लांब लावून चालत आला होता. ओटीवर आला तर बसावं की उभं राहावं हे त्याला कळेना.

"काकी, काय केलास तू हे?"

"काय केला?"

"मी तसा बोललो न्हवतो. मी आपला विचारला. तू डायरेक्ट काढलास?"

"तू विचारलास, मना पटला. मोठ्या माणसाला पटत न्हाय का कंदी?"

"काकी, लोकं माझ्याकरं बघत न्हाईत. लडकूशेठनं मना आरतीचा ताट दिला न्हाय, पुढं नेला. घरी बायको ताट आपटते. माझी पोरगी भाविका, तुझ्या वाचनालयात जाते ती, माझ्याशी बोलत न्हाय दोन दिवस." त्यानं कपाळाचा घाम पुसला. मग पायरीवरच बसला, लहानपणी बसायचा तसा. "परत लाव ती अक्षरं. खर्च माझा. नवीन करून देतो, लाइटवाली. रात्री पन दिसतील."

"नको."

"का नको?"

"आता लावली तर उद्या काशी मार्बल घेऊन येईल, आन् तिना काय सांगू?"

"मंग मी काय करू ते सांग!"

रंगूबाईनं त्याच्याकडे बघितलं. नाक दामूचंच. राग यायला हवा होता, पण या पोराला तिनं स्वतःच्या हातानं बाळंतविडा दिला होता, आणि आता तोही केस काळे करत होता. भांडायला अंगात बळ लागतं. ते कुठं होतं?

"हेमालीचा पगार दे," ती म्हणाली. "महिन्याच्या महिन्याला. मागचा थकलेला पन. सरकारचा आला तर आला, न्हाय आला तर तू हायेस."

"देतो," तो लगेच म्हणाला. मग जरा थांबून, "आन् नाव?"

"कुठं घालनार? तिच्या पदरावर?"

"तसा न्हाय काकी. पन लोकांना कळला पायजे ना मी दिला म्हनून. न्हायतर ते असाच समजतील की..."

"न्हाय कळनार. त्यांना वाटेल तसा वाटू दे. ग्रुपवर टाकशील तर पैसे परत पाठवीन तुझ्या दारात."

"म्हंजे मी पैसे पन देऊ आन् शिव्या पन खाऊ?"

"तुझ्या काकानं तेच केला," रंगूबाई म्हणाली. "तीस वर्षं."

भूपेशचे दोन्ही फोन वाजले, त्यानं एकही उचलला नाही. शेवटी म्हणाला, "निदान भिंतीला रंग तरी मारून घे. लोकं थांबून थांबून वाचतात तो डाग."

"रंगाला पैसे न्हाईत."

"मी देतो रंग."

"देशील, आन् डब्यावर नाव टाकशील."

तो हसला नाही. उठला, चपला शोधल्या. जाताना म्हणाला, "एक वर्ष देईन, काकी. पुढचा मी आता बोलत न्हाय."

"वर्ष खूप झाला. पुढच्या वर्षी मी असेन का, ते पन कोन बोलतोय?"

तो गेल्यावर रंजिता आतून आली. "चहा पण नाही घेतला त्यांनी."

"बरा झाला. गावात पहिला मानूस, जो चहा न पिता पैसे देऊन गेला."

*

सकाळी रंगूबाई वाचनालयात गेली. पायऱ्या चढताना तिनं भिंतीकडे बघायचं टाळलं. हेमाली रजिस्टरमध्ये पुस्तकांचे नंबर घालत होती, तपासणीची तयारी. जाणार असूनही करत होती.

"तुझा पगार झाला," रंगूबाईनं बसण्याआधीच सांगितलं. "मागचा आन् पुढचा. वर्षभर. खात्यात येईल."

हेमालीनं पेन खाली ठेवलं. "कुणी दिला?"

"ते विचारू नको."

"आक्का, अनुदान आलं का?"

"अनुदानाला तू विसर. मी सांगते ना आला, म्हंजे आला."

हेमाली आनंदानं उडी वगैरे मारेल, असं रंगूबाईला वाटलं नव्हतं, पण ती साधं हसलीही नाही. तिनं फोन काढला, गोडाऊनच्या सुपरवायझरचा नंबर शोधला, आणि लावायच्या आधी विचारलं, "वर्षभर म्हणजे पुढच्या होळीपर्यंत?"

"हो."

"आणि त्याच्यापुढे?"

"त्याच्यापुढं परत दारोदार."

"तेव्हा ही नोकरी राहणार नाही आक्का माझ्यासाठी. आत्ता भरती चालू आहे. पुढच्या वर्षी माझं वय पण त्यांना चालणार नाही."

हा विचार रंगूबाईनं केला नव्हता. चार दिवस ती दारोदार फिरली, नवऱ्याचं नाव उतरवलं, पुतण्याला नमवलं, आणि ते सगळं करून तिनं या बाईला एका वर्षाचं आमिष दाखवून पक्क्या पगारावरून उठवायचं ठरवलं होतं, हे तिला आत्ता दिसलं. ती बाकड्यावर बसली. 'थांब' म्हणणं सोपं होतं. हेमाली थांबलीही असती.

"मी तुना थांब म्हनत न्हाय," ती म्हणाली. शब्द जड होते, एकेक उचलून ठेवावा लागला. "तपासणीला तेवरी बस. रजा काढून, न्हायतर पहिला आठवडा उशिरा जॉइन हो. मग जा. पैसे मागचे सगळे तुझे. पुढचे असतील त्यात दुसरी कोनी येईल. शोधू."

हेमाली फोन हातात धरून तशीच उभी राहिली. "पोरी संध्याकाळी बसतात, त्यांचं काय?"

"तूच बोललीस ना जाते?"

"बोलले. पण..."

"पन काय? खोकी पगार देतात, तूच बोललीस."

"आक्का, तुम्ही मला थांबवताय का हाकलताय?"

"मना ठावं न्हाय गो," रंगूबाई म्हणाली, आणि हे ती खरंच बोलत होती. "मी दमलीय. तू ठरव."

हेमालीनं नंबर लावला. ती बोलत बोलत बाहेर पायरीवर गेली. लूमच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त मोकळा हात हलताना दिसत होता. ती हो म्हणतेय की नाही, ते हातावरून कळेना. रंगूबाईनं तो बघायचं सोडून दिलं. समोर आजचा पेपर घडी न मोडलेला पडला होता. तिनं तो उघडला आणि मोठ्या ठळक अक्षरांवर बोट ठेवून एकेक अक्षर लावून वाचायला लागली.